फुटबॉलच्या पैशाचा माग: ‘ईएडीए’ संकेतस्थळ कितपत कामाचे?

अमेरिकेत फुटबॉलच्या (आपला सॉकर नव्हे, अमेरिकन फुटबॉल) कमाईवर कॉलेजातील पोहणे, कुस्ती, रोइंग कसे तगतात हे पाहायचे, तर तिथल्या केंद्रीय शिक्षण खात्याचे ‘ईएडीए’ (कॉलेजांना खेळांचा हिशेब उघड करायला लावणाऱ्या कायद्याचे लघुरूप) हे मोफत संकेतस्थळ बरे. एक कॉलेज निवडा, वर्ष निवडा, आणि खेळनिहाय उत्पन्न व खर्चाचे तक्ते उघडा. फुटबॉलची शिल्लक बाजूला लिहा, मग बाकी संघांची तूट बेरजेत घ्या. कॉलेज-खेळांच्या पहिल्या श्रेणीतील एफबीएस या फुटबॉलच्या सर्वांत वरच्या गटात कॉलेजला किमान 16 खेळ चालवावे लागतात, त्यामुळे तुटीची यादी लांबच निघते.

खरी मेख पुढे आहे. ही माहिती कॉलेजे ज्या अर्जात भरून देतात, त्यात एकूण उत्पन्न खर्चाइतके तरी दाखवावेच लागते. म्हणून विद्यापीठाचे अनुदान आणि विद्यार्थ्यांकडून घेतलेली फीसुद्धा ‘उत्पन्न’ म्हणून येते, आणि तोट्यातला क्रीडा विभागही कागदावर ठणठणीत दिसतो! प्रक्षेपण हक्क किंवा देणग्या कोणी फुटबॉलमध्ये धरतो, कोणी ‘खेळनिहाय न वाटलेले’ या रकान्यात. दोन कॉलेजांची थेट तुलना म्हणूनच फसते.

अनुदान वेगळे काढायचे असेल तर नाइट-न्यूहाउसचा (कॉलेज-खेळांच्या हिशेबांचा) माहितीसंच जोडीला घ्या. मात्र त्यात खासगी विद्यापीठांचे तपशीलवार हिशेब मिळत नाहीत.