अंदमान बुकिंग – धरमपेठेतला टूरवाला, बीच निवडून देण्यात एक नंबर
नागपूरहून अंदमानला जाणाऱ्यांनी यांच्याकडे नक्की जा. पॅकेज गळ्यात मारायच्या आधी भाऊंनी विचारलं की सोबत कोण आहे, पोहता येतं का, आणि मग बीच ठरवले. आईबाबांसाठी स्वराज द्वीपचा (आधीचं हॅवलॉक बेट) राधानगर बीच, पांढरी मऊ वाळू, लांबच लांब किनारा, 2020 मध्ये ब्लू फ्लॅग (स्वच्छ, सुरक्षित बीचला मिळणारं आंतरराष्ट्रीय मानांकन) ही मिळालाय. तो पश्चिमेला आहे म्हणून सूर्यास्त तिथेच, पण डिसेंबरात तिकडे पाच-सव्वापाचलाच सूर्य मावळतो, आपल्यासारखं सहाला पोहोचलात तर अंधारच दिसेल, हे त्यांनी तीनतीनदा बजावलं म्हणून गाडी साडेतीनलाच सांगून ठेवली होती. सूर्योदय त्याच बेटावर पूर्वेच्या काळापत्थर बीचला. स्नॉर्कलिंग (तोंडात नळी धरून पाण्याखालचं बघणं) करायचं तर एलिफंट बीच, तिथे बोटीने नाहीतर जंगलातून चालत जावं लागतं, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांना बोटच बरी. शहीद द्वीपला (आधीचं नील बेट) भरतपूर बीचचं पाणी उथळ, पोरं खूश, पण त्या बेटावरचा नॅचरल ब्रिज (खडकाची नैसर्गिक कमान) ओहोटीतच बघा, दगड निसरडे असतात. रेट थोडा जास्त वाटला, पण इतकं समजावून सांगणारा माणूस मिळतो कुठे!