पूर्णवेळ पाळक की नोकरी सांभाळणारा पाळक? निवड करणाऱ्या मंडळीसाठी

पाळकाची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूची, जागा रिकामी झाली की पास्टोरेट कमिटीत (मंडळीचा, म्हणजे स्थानिक चर्चच्या सभासदांचा कारभार पाहणाऱ्या समितीत) हा वाद ठरलेला. एक गट म्हणतो, नोकरी करणारा माणूस कळपाला वेळ काय देणार? दुसरा म्हणतो, पगारी पाळक आपल्याला परवडणार आहे का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण बोलता बोलता वाद 'कोणाचं समर्पण मोठं' यावर घसरतो आणि वेळ, पैसा, काम या गोष्टी बाजूलाच राहतात.

समर्पणाचा निकाल पवित्र शास्त्राने, बायबलने, केव्हाच लावला आहे. करिंथात प्रेषित पौल अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर राहुट्या करून पोट भरत होता (प्रेषितांची कृत्ये 18:3). सीला आणि तीमथ्य मासेदोनियाहून आले, तेव्हा त्याच शहरात त्याने वचनाच्या कामाला वाहून घेतलं (18:5). सुवार्ता सांगणाऱ्यांची उपजीविका सुवार्तेवर व्हावी, हेही त्यानेच करिंथकरांना लिहिलं (1 करिंथ 9:14). मानधनाचा हक्क त्याने सोडला तो स्वतःचा, दुसऱ्यांचा नाही. मराठी नव्या कराराच्या छपाईमागे उभा असलेला मिशनरी विल्यम केरी इंग्लंडातल्या मोल्टनला पाळक असताना जोडे शिवायचा आणि शाळाही चालवायचा. पुढे 1801 पासून तो कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवू लागला आणि तो पगार बंगालमधल्या श्रीरामपूर मिशनच्या सामाईक खर्चात टाकत राहिला. त्याला अर्धा सेवक कोण म्हणेल?

आधी पैशाचा हिशेब करा. दहा घरं खरा दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) देत असतील, तर त्यातून त्या घरांच्या सरासरीइतकं एक उत्पन्न उभं राहतं. पण वीजबिल, इमारतीची डागडुजी, संडे स्कूल, गरजूंना मदत हे सगळं त्याच पेटीतून जातं. जमा रकमेचा निम्मा भाग पाळकासाठी धरला, तर पूर्णवेळ पाळकाला सरासरी घरासारखं जगवायला वीस दशमांश देणारी घरं लागतात. नोंदवहीतली घरं मोजू नका, देणारी मोजा. मागच्या बारा महिन्यांची जमा काढा आणि नाताळ, ईस्टर व हंगामाच्या सणाची खास अर्पणं वगळून उरलेल्या रकमेवर निर्णय घ्या.

आकडा कमी पडला की कमिटी बहुतेक वेळा मधला मार्ग काढते: पाळक पूर्णवेळ, मानधन अर्धं, बाकी प्रभू पुरवील. आमच्या मते तिन्ही पर्यायांत हा सर्वांत वाईट. पाळकाची पत्नी शिकवण्या घेऊन घर चालवते, पाळक कर्जात जातो, आणि ज्या घरातून मोठं अर्पण येतं त्या घराला न दुखावणारे उपदेश होऊ लागतात. पूर्ण देता येत नसेल, तर नोकरी करणारा पाळक प्रामाणिकपणे बोलवा.

मग वेळ. नोकरी आणि प्रवास वजा जाता अशा पाळकाकडे आठवड्याला साधारण सोळा तास उरतात: उपदेशाची तयारी सहा, रविवार चार, भेटी चार, सभा व कागदपत्रं दोन. चार तासांत जाण्यायेण्यासह तीन घरं होतात. चाळीस घरांची एक फेरी पूर्ण व्हायला तीन महिन्यांहून अधिक लागतात. पूर्णवेळ पाळक आठवड्याला सोळा घरं सहज करतो, म्हणजे त्याची फेरी तीन आठवड्यांत होते. हा फरक खरा आहे, तो गोड बोलून झाकू नका. त्याऐवजी आजाऱ्यांच्या भेटी वडीलमंडळींना (मंडळीच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांना) वाटून द्या. बुधवारी दुपारी दफनविधी आला तर कोण घेणार, त्याचं नाव आधीच ठरवा. अशा मंडळ्यांत पहिली मोठी नाराजी बहुधा दफनावरूनच उठते.

नोकरी कोणती, यावरही बरंच अवलंबून आहे. दुकान, शिवणकाम, शिकवणी यांत वेळ हलवता येतो. फिरती शिफ्ट आणि विक्रीचं टार्गेट यांत येत नाही. विमा किंवा साखळी योजना विकणाऱ्याकडून मात्र एक गोष्ट लेखी घ्या: मंडळीतल्या कोणालाही विकणार नाही. पाळकाला नाही म्हणणं सभासदाला जड जातं, आणि एक पॉलिसी बुडाली तर घर मंडळी सोडतं. सरकारी नोकर किंवा अनुदानित शाळेतला शिक्षक असेल, तर मानधन घेण्याआधी त्याने आपल्या कार्यालयाची वा संस्थेची परवानगी काढावी. लग्नाच्या बाबतीत 1872 चा ख्रिस्ती विवाह कायदा पाळकाचा पगार बघत नाही, तो अधिकार बघतो. बिशपची दीक्षा नसलेल्या स्वतंत्र मंडळीच्या पाळकाला, पूर्णवेळ असो वा नसो, सरकारी परवाना लागतो. अधिकार नसताना लग्न लावल्यास दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

दोन्ही प्रकारचे पाळक एकाच मंडळीत असले की ताण वाढतो. पाळकांची सभा मंगळवारी सकाळी अकराला ठेवली जाते, नोकरी करणारा येऊ शकत नाही, आणि पुढे 'त्याला रस नाही' असं ठरतं. दुसरीकडे पूर्णवेळ पाळकाला ऐकावं लागतं, 'तो फुकट करतो, तुम्हाला पगार लागतो.' हे वाक्य मंडळीत रुजू देऊ नका. त्यावरचा उपाय म्हणजे नोकरी करणाऱ्यालाही मानधन द्या, रक्कम लहान असली तरी पावतीवर. त्याला ते परत अर्पण करायचं असेल तर करू दे. काहीच दिलं नाही तर मंडळीची देण्याची सवय मोडते, आणि पुढचा पाळक आला की अंदाजपत्रकात त्याच्यासाठी रकानाच नसतो.

पूर्णवेळ पाळक निवडलात तर मानधन खजिनदाराच्या हातून रोख नको. ठरलेल्या तारखेला बँकेत जमा करा. आणि पाळकगृहाचं आजच बोला. निवृत्तीच्या दिवशी ते सोडावं लागतं, आणि आयुष्यभर मंडळीच्या छताखाली राहिलेल्या माणसाचं स्वतःचं घर नसतं. पहिल्या महिन्यापासून मानधनाशिवाय एक ठरावीक रक्कम त्याच्या नावे निवृत्तिवेतन योजनेत किंवा पीपीएफमध्ये जमा करण्याचा ठराव नेमणुकीच्या पत्रातच घाला. नंतर करू म्हटलेला असा ठराव सहसा होत नाही.