पिंजरा, चिऱ्याची खोली, कपाट की जुना कंटेनर? कोकणात ज्वालाग्राही द्रव शेडबाहेर ठेवायचे तर

फायबरच्या होड्या बांधणारी शेड असो, मालवण-तारकर्लीकडचा वॉटर स्पोर्ट्सचा धंदा असो की मिरजोळे-कुडाळच्या एमआयडीसीतलं रंगकामाचं युनिट. थिनर, पेट्रोल, अ‍ॅसिटोन, रेझिन कामाच्या जागेतून बाहेर काढायला हवं, यावर सहसा वाद नसतो. वाद होतो तो बाहेर म्हणजे कशात यावर. आपल्याकडे चार पर्याय दिसतात: छप्पर असलेला जाळीचा पिंजरा, चिऱ्याची खोली, तयार मिळणारं लोखंडी सुरक्षा कपाट आणि बंदरावरून आलेला जुना कंटेनर. आठ-दहा बॅरलपर्यंतचा साठा असेल तर आमचा कौल पिंजऱ्याला. पण तो चुकीचा बांधला तर कंटेनरइतकाच वाईट ठरतो, त्यामुळे नुसत्या नावावर जाऊ नका.

आधी डब्यावरचा आकडा बघा

फ्लॅश पॉइंट म्हणजे द्रवातून पेट घेण्याइतकी वाफ सुटू लागते ते तापमान. पेट्रोलियम कायद्यात हा आकडा २३ अंश सेल्सियसच्या खाली असेल तर वर्ग अ, २३ ते ६५ च्या आत असेल तर वर्ग ब. पेट्रोल आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगांचा थिनर अ मध्ये येतात. डिझेल, रॉकेल, मिनरल टर्पेंटाइन आणि स्टायरीन असलेलं पॉलिएस्टर रेझिन ब मध्ये.

विक्रीसाठी नसलेला वर्ग अ चा माल एकूण ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येतो. तोही घट्ट बुचाच्या भांड्यात: धातूचं असेल तर जास्तीत जास्त २५ लिटरचं, काचेचं असेल तर १ लिटरचं. होडीवर सर्रास दिसणारा प्लास्टिकचा कॅन यात बसत नाही. वर्ग ब ला एका जागी २५०० लिटरपर्यंत मुभा आहे, मात्र कोणतंही भांडं १००० लिटरपेक्षा मोठं नको. म्हणजे थिनरचा २०० लिटरचा एकच बॅरल आणला तरी परवाना लागतो, आणि परवाना म्हणजे मंजूर नकाशाप्रमाणे बांधकाम. वापर कमी असेल तर २० लिटरचा एकेक डबा आणत राहणं स्वस्त पडतं.

आता कोकणातली खरी मेख. रेझिनमधल्या स्टायरीनचा फ्लॅश पॉइंट ३१ अंशांच्या आसपास, डिझेलचा किमान ३५. मे महिन्यात सावलीतच पारा ३३-३४ वर असतो आणि उन्हात ठेवलेल्या बॅरलचा पत्रा त्याच्या कितीतरी पुढे जातो. कागदावर वर्ग ब, अंगणात वर्ग अ! म्हणून चारही पर्यायांत पहिली अट सावली. रेझिन तापलं की त्याचं आयुष्यही घटतं. उन्हात पडलेला बॅरल आतल्या आत घट्ट होऊन वाया जातो.

जाळीचा पिंजरा

याचा सगळा फायदा एका गोष्टीत आहे: वाफ साचत नाही. पेट्रोल, टोल्युइन, स्टायरीन यांची वाफ हवेच्या तिप्पट किंवा त्याहून जड, अ‍ॅसिटोनची दुप्पट. ती जमिनीलगत पसरते आणि खोलगट जागा शोधते. चारी बाजू मोकळ्या असतील तर वारा तिला पातळ करतो. पेट घेतलाच तरी कोंडलेली जागा नसल्याने स्फोटाचा दाब तयार होत नाही.

चार बॅरलसाठी ३ मीटर बाय २ मीटरचा ओटा पुरतो. ओटा सिमेंट काँक्रीटचा, वरून घोटलेला. चिऱ्यावर किंवा मातीवर थेट बॅरल ठेवू नका. जांभा सच्छिद्र असतो, सांडलेलं तेल त्यातून झिरपतं आणि पुढे कुणाच्या विहिरीत उतरेल ते सांगता येत नाही. ओट्याला चहूबाजूंनी १५ सेंटिमीटरचा कठडा घाला, ज्याला कारखान्यांत डाइक म्हणतात. हिशेब सोपा आहे: ६ चौरस मीटर गुणिले १५ सेंटिमीटर म्हणजे ९०० लिटर, चारही बॅरल फुटले तरी आत मावतील. सर्वांत मोठ्या भांड्याच्या ११० टक्के हा नेहमीचा निकष, म्हणजे इथे २२० लिटर. तो सहज पार पडतो.

पण या कठड्यावर छप्पर नसेल तर? आषाढात एका दिवसात १५० मिलिमीटर पाऊस पडला तर इकडे त्याची बातमीही होत नाही. तेवढ्यात कठडा काठोकाठ भरतो. मग कुणीतरी पाणी जायला तळाचा व्हॉल्व्ह उघडतो आणि तो पावसाळाभर उघडाच राहतो. असा कठडा असून नसल्यासारखा. व्हॉल्व्ह कठड्याच्या बाहेरच्या बाजूला, कुलूपबंद हवा. पाणी सोडताना माणूस तिथे उभा हवा आणि तवंग दिसू लागताच बंद. अ‍ॅसिटोन मात्र पाण्यात विरघळतं, त्याचा तवंग येत नाही. ते सांडलं असेल तर ते पाणी गटारात सोडूच नये.

छपराच्या वळचणी ७५ ते ९० सेंटिमीटर बाहेर काढा, पागोळ्या कठड्याच्या बाहेर पडल्या पाहिजेत. नैर्ऋत्येकडून झड येणारच. इथेच सगळ्यात मोठी चूक होते: जूनमध्ये पिंजऱ्याला निळं प्लास्टिक गुंडाळतात. त्या क्षणी तो पिंजरा राहत नाही, बंद खोली होते, आणि तीही भिंतींचं बळ नसलेली. झड अडवायची तर एका बाजूला पक्की भिंत घ्या, बाकी तीन बाजू मोकळ्या ठेवा. ही भिंत दुहेरी कामाला येते. ब्रिटनच्या एचएसई या सरकारी कामगार-सुरक्षा संस्थेच्या मार्गदर्शनानुसार १००० लिटरपर्यंतचा साठा इमारतीपासून आणि हद्दीपासून २ मीटर, त्यापुढे १ लाख लिटरपर्यंत ४ मीटर दूर हवा. वाडीतल्या चिंचोळ्या प्लॉटवर एवढं अंतर मिळत नसेल, तर त्या बाजूला आगीला टिकणारी, किमान २ मीटर उंच आणि बॅरलांच्या वर जाणारी भिंत उपयोगी पडते. पण एकच बाजू. दोन-तीन बाजू बांधल्या की वारा अडला.

जाळी आणि खांब हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले घ्या. चमकदार झिंक प्लेटिंगचे नट-बोल्ट खाऱ्या वाऱ्यात लवकर तांबूस होतात. समुद्र जवळ असेल तर बोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे. माडाखाली पिंजरा नको, एक झावळ किंवा नारळ पत्र्याला पुरे. भोवतीचं गवत दसऱ्यानंतर वाळतं तेव्हा कापून टाका, आणि शेजारच्या शेतात भाजावळ होत असेल तर ती बाजू निवडूच नका.

चिऱ्याची खोली

चोरीची भीती असेल, साठा मोठा असेल किंवा परवाना काढायचाच असेल तर खोली. पेट्रोल चोरीला जातं, हे लपवण्यात अर्थ नाही, आणि जाळी कापायला फार वेळ लागत नाही.

खोलीचं दुखणं वायुवीजनाचं. झरोके समोरासमोरच्या भिंतींत जमिनीलगत हवेत आणि छताखालीही. बहुतेक गवंडी सवयीने फक्त वर ठेवतात, आणि जड वाफ खाली बसून राहते. झरोक्यांना गंज न धरणारी बारीक जाळी लावायची असते. ती कुंभारीण माशी मातीने लिंपून टाकते. दर महिन्याला ब्रश मारायचं काम कुणाच्या तरी नावावर लिहून ठेवा. खालच्या झरोक्यातून सांडलेलं बाहेर जाऊ नये म्हणून त्याची खालची कड आणि दाराचा उंबरा, दोन्ही कठड्याइतके म्हणजे १५ सेंटिमीटर उंच. दार बाहेर उघडणारं. आतून भिंतींना सिमेंटचा गिलावा, कारण चिरा तेल पितो. स्विच, प्लग आत नको. दिवा हवाच असेल तर फ्लेमप्रूफ, म्हणजे आतली ठिणगी बाहेरची वाफ पेटवणार नाही असा.

छताबाबत मात्र किनाऱ्यावर दोन धोक्यांची ओढाताण आहे. स्फोट झाला तर दाब वर निघून जावा म्हणून हलकं छत चांगलं. स्लॅब घातला तर भिंतीच फुटतात. उलट ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरीत पत्र्यांचं काय झालं ते सर्वांनी पाहिलं. हलकाच पत्रा घ्या, पण कैच्या भिंतीत पक्क्या बांधून आणि हुक-बोल्ट नेहमीपेक्षा जवळजवळ लावून. पिंजऱ्यात ही ओढाताण नाही, हाही त्याच्याकडे झुकण्याचा एक मुद्दा.

तयार कपाट

पिवळं, दुहेरी पत्र्याचं, दोन पत्र्यांत साधारण ३८ मिलिमीटरची पोकळी, तळाशी ५ सेंटिमीटरचा गळतीरोधक उंबरा, कमाल सुमारे २२७ लिटर: हा अमेरिकन धाटणीचा नमुना बाजारात मिळतो. आगीत आतला माल काही मिनिटं वाचवायचा आणि माणसांना पळायला वेळ द्यायचा, एवढंच त्याचं काम. ते इमारतीच्या आत ठेवायला बनवलंय. उघड्यावर ठेवलं तर पोकळीत खारी दमट हवा शिरते आणि गंज आतून सुरू होतो, बाहेरचा रंग शाबूत असताना. आधी दाराची बिजागरी गंजून घट्ट होते आणि आपोआप मिटणारं दार अर्धवट उघडं राहतं. ३० लिटरच्या आतलं पेट्रोल-थिनर, तेही पडवीसारख्या छपराखाली आणि दारांपासून दूर ठेवायचं असेल तर कपाट ठीक. पावसात नको.

जुना कंटेनर

स्वस्त, कुलूपबंद, उचलून नेता येतो, म्हणून मोह होतो. वीस फुटी कंटेनरमध्ये सुमारे ३३ घनमीटर हवा. पेट्रोलची वाफ हवेत दीड टक्क्याच्या आसपास पोहोचली की मिश्रण स्फोटक होतं. गणित मांडा: साधारण तीन लिटर पेट्रोल सांडून उडून गेलं की पूर्ण कंटेनर त्या पातळीवर येतो, आणि वाफ तळाशी साचत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी पुरतं. मुळात असलेली बारीक भोकं यापुढे काहीच नाहीत. प्लायवुडची जमीन सांडलेलं शोषून आठवडाभर वाफ सोडत राहते. उन्हात आत भट्टी होते.

घ्यायचाच असेल तर दोन्ही लांब बाजूंना तळालगत आणि वर मोठे लूव्हर (तिरप्या पट्ट्यांचे झरोके) कापा, प्लायवुड काढून पत्र्याचा गळतीरोधक ट्रे घाला, वर वेगळं छप्पर उभारा आणि कंटेनर अर्थिंगला जोडा. कापणं-वेल्डिंग माल येण्याआधी. हा सगळा खर्च धरला की तो पिंजऱ्यापेक्षा स्वस्त राहत नाही. भाड्याच्या जागेवर बांधकाम करता येत नसेल तरच त्याचा विचार करा.

कशातही ठेवा, या गोष्टी सुटत नाहीत

उभ्या बॅरलच्या डोक्यावर पाणी साचतं. दुपारी आतली हवा फुगून बुचातून बाहेर जाते, सर आली की आकसते आणि ते पाणी आत ओढते. बूच घट्ट असलं तरी जुन्या वॉशरमधून हे घडतं. पावसाळ्यात झड पोहोचत असेल तर बॅरल एका बाजूने ठोकळा लावून किंचित कलता करा, असा की दोन्ही बुचं साचणाऱ्या पाण्याच्या वर राहतील. डबे काठोकाठ भरू नका. ३० अंशांनी तापल्यावर २० लिटर पेट्रोल अर्ध्या लिटरहून जास्त फुगतं, म्हणून लिटरभर जागा सोडा.

खाडीकाठी असाल तर ओटा पुराच्या खुणेच्या वर घ्या. भरलेला बॅरल बुडतो असं अनेकांना वाटतं. २०० लिटर डिझेल सुमारे १६६ किलो, बॅरल १८, एकूण १८४. आणि तो बाजूला सारतो २१५ किलोच्या आसपास पाणी. म्हणजे भरलेलाही तरंगतो आणि प्रवाहाबरोबर निघतो. जुलै २०२१ च्या चिपळूणसारखं पाणी चढलं तर पिंजऱ्याची बंद जाळी किंवा खांबाला बांधलेला पट्टाच त्याला धरून ठेवेल.

बॅरलमधून डब्यात ओतताना दोन्ही धातूचे हवेत आणि तांब्याच्या तारेने जोडलेले, बॅरल पुढे अर्थिंगला. प्लास्टिकचं नरसाळं स्थिर विजेला आमंत्रण देतं. जांभ्याच्या कोरड्या जमिनीत अर्थिंग उन्हाळ्यात दुबळं होतं, मार्चपासून खड्ड्यात पाणी घालत राहा आणि मे महिन्यात अर्थिंगचा रोध मोजून घ्या.

रेझिनचा हार्डनर, म्हणजे एमईकेपी, यातल्या कशाच्याही शेजारी नको. तो आणि कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते द्रावण) एकमेकांत थेट मिसळले तर जोरदार पेटतात. त्याला वेगळी, थंड, सावलीतली पेटी. रिकामे बॅरल भरलेल्यांइतकेच धोक्याचे समजा, बूच लावूनच ठेवा, आणि तंदूर किंवा पाण्याची टाकी करायला कुणी कापायला मागितला तर देऊ नका.

पावडरचा अग्निशामक आणि फोमचा एक, दोन्ही पिंजऱ्याच्या बाहेर, शेडकडून येण्याच्या वाटेवर. पाण्याचा फवारा पेटतं पेट्रोल पसरवतो. बादल्यांत वाळू समुद्रावरची भरू नका: ती मिठामुळे ओल धरते, गोळे होतात आणि बादलीचा तळ गंजून जातो. नदीची वाळवलेली वाळू, झाकण लावून.