वस्तीचा इतिहास पायी वाचताना: अकरा महिन्यांच्या जिओकॅशिंगचा अनुभव

गेले अकरा महिने मी जवळजवळ दर रविवारी जिओकॅशिंग करत आहे, म्हणजे इतरांनी लपवून इंटरनेटवर स्थान जाहीर केलेले डबे (यांना ‘कॅश’ म्हणतात) जीपीएसच्या मदतीने शोधत आहे. लपवलेले डबे मोजण्यात मला फारसा रस नव्हता. आपण ज्या वस्तीत राहतो तिचा इतिहास जागेवर जाऊन समजून घ्यावा, एवढाच हेतू होता. आजवर 93 कॅश सापडल्या. त्यांपैकी वस्तीच्या इतिहासाविषयी खरोखर काही सांगणाऱ्या तीसएक असतील, आणि मी पुढे जे लिहितो आहे ते मुख्यतः त्यांच्याविषयी आहे.

2 मे 2000 रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम मिसळलेली त्रुटी काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगॉनमध्ये पहिला डबा ठेवून त्याचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. इतिहासाच्या दृष्टीने या बदलाचे महत्त्व मला फिरू लागल्यावर कळले. पूर्वी शंभरेक मीटरपर्यंत चुकणारे स्थान आता मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनवरही साधारण पाच मीटरच्या आत मिळते. त्यामुळे ‘जुन्या बाजाराच्या आसपास’ असे मोघम न सांगता, नेमक्या कोणत्या पायरीपाशी उभे राहायचे, हे सांगता येते.

सर्वांत जास्त शिकवले ते मल्टी-कॅशने. यात डबा थेट सापडत नाही; कोनशिलेवरील वर्ष, हद्दीच्या दगडावर कोरलेला आकडा, टाकीच्या भिंतीवरील पाटी असे एकेक टप्प्यावरचे अंक गोळा करून पुढचे स्थान काढावे लागते. अशा एका कॅशमध्ये पुलावरील वर्षाचा शेवटचा अंक हवा होता. मी कठड्यावरचे ठळक वर्ष घेतले आणि गणिताने मला ओढ्याच्या भलत्याच काठावर नेले. अक्षांशाच्या मिनिटाचा शंभरावा भाग म्हणजे जमिनीवर सुमारे 18.5 मीटर, माझा मिनिटाच्या शतांशस्थानचा अंक तीनने चुकला होता, म्हणजे सुमारे 55 मीटरचा फरक पडला. परत येऊन शोधले तेव्हा खांबाच्या तळाशी, शेवाळाखाली, दुसरे आणि जुने वर्ष कोरलेले दिसले. शेवाळ खरवडणे योग्य नव्हते, म्हणून टॉर्च दगडाला जवळजवळ समांतर धरली. तिरप्या उजेडात कोरलेल्या अंकांच्या सावल्या पडतात आणि झिजलेला मजकूरही वाचता येतो. एका पुलावर दोन वर्षे का, हा प्रश्न घेऊन मी वाचनालयातले जुने नकाशे पाहिले, तेव्हा मूळ पूल पुरानंतर वरच्या बाजूने नव्याने बांधला गेल्याचे समजले. त्या पुलावरून मी कित्येक वर्षे ये-जा करत होतो. केवळ एका अंकाची गरज पडली म्हणून मी तो पहिल्यांदा नीट पाहिला.

दुसरा लाभ मला अनपेक्षित होता, तो म्हणजे संकेतस्थळावर प्रत्येक कॅशच्या पानावर शोधणाऱ्यांनी लिहिलेल्या जुन्या नोंदी. पंधरा-पंधरा वर्षे टिकलेल्या कॅशच्या नोंदी तारीखवार वाचत गेले की गिरणीची चिमणी कधीपर्यंत उभी होती, रेल्वेच्या बंद फाट्याचे रूळ कोणत्या हिवाळ्यात उखडले, कोणते झाड पडले, हे सारे ओघात कळते. लिहिणाऱ्यांना इतिहास लिहायचा नव्हता. डबा का सापडला नाही, एवढेच सांगायचे होते, आणि म्हणूनच मला त्या नोंदी विश्वासार्ह वाटतात. डबा नाहीसा होऊन बाद झालेल्या कॅशची पानेही अवश्य वाचावीत.

कॅशच्या वर्णनांवर मात्र तेवढा विश्वास ठेवता येत नाही. माहिती कुठून घेतली हे बहुतेक जण लिहितच नाहीत. एका वर्णनात टपाल कार्यालयाची पहिली इमारत म्हणून दाखवलेली वास्तू जुन्या नकाशात गोदाम निघाली. मी नकाशाचा तपशील कळवल्यावर कॅश ठेवणाऱ्याने मजकूर दुरुस्त केला, हे आनंदाने नमूद करतो. नवी कॅश प्रसिद्ध होण्याआधी ती तपासणारे स्वयंसेवक समीक्षक कॅश नियमांत बसते की नाही एवढेच पाहतात. इतिहासाची शहानिशा करणे हे त्यांचे काम नाही.

माझी सर्वांत मोठी तक्रार अंतराच्या नियमाविषयी आहे. दोन प्रत्यक्ष डब्यांमध्ये किमान 161 मीटर अंतर लागते. जंगलात हे योग्यच आहे, पण जुन्या पेठेत तेवढ्या अंतरात पाच उल्लेखनीय वास्तू असतात आणि कुणी रेलिंगला चुंबकाची डबी चिकटवली की त्या सगळ्या वास्तूंजवळ डबा ठेवण्याचा मार्ग बंद होतो. डबाच नसलेली व्हर्च्युअल कॅश हा यावरचा उत्तम उपाय ठरला असता, परंतु 2005 पासून ती मुक्तपणे नव्याने करता येत नाही. 2017 पासून निवडक सदस्यांनाच मर्यादित संख्येने संधी मिळाली. ॲडव्हेंचर लॅब या फोनवरच्या ॲपने खेळायच्या प्रकारात डबा लागत नाही आणि प्रश्नांची उत्तरे देत फिरता येते, म्हणून दाट वस्तीसाठी सध्या तोच पर्याय मला व्यवहार्य वाटतो.

इतिहासासाठी सुरुवात करणाऱ्याने नकाशावरचा जवळचा ठिपका न निवडता आधी वर्णने वाचावीत, मल्टी-कॅशला अर्धा दिवस द्यावा, आणि प्रत्येक पाटीचा पूर्ण मजकूर वहीत उतरवून घ्यावा. अंकापुरता फोटो काढला की उरलेला मजकूर वाचायचा राहून जातो, हे माझ्याकडून पहिले दोन महिने घडले.

दोन वर्षे कोरलेल्या त्या पुलापासून सुरू होणारी माझी स्वतःची मल्टी-कॅश आता तयार आहे. शेवटचा डबा ज्या कुंपणाशी ठेवायचा आहे, त्या जागेच्या मालकांची लेखी परवानगी तेवढी यायची आहे.