वूफिंगचे पाच महिने: कोल्हापूरहून टास्मानियाच्या शेतावर

परत येऊन सात महिने झाले. एवढा काळ मुद्दाम जाऊ दिला, कारण आल्या आल्या लिहिलं असतं तर सगळं गोडच लिहिलं असतं. गेल्या वर्षी फेब्रुवारी ते जुलै मी ऑस्ट्रेलियात तीन शेतांवर राहिले. पगार नाही. रोज चार ते सहा तास शेतातलं काम, त्याबदल्यात जेवण आणि राहायला जागा. याला वूफिंग म्हणतात. १९७१ मध्ये लंडनला नोकरी करणाऱ्या सू कोपार्ड या बाईंनी शहरातल्या लोकांना शनिवार-रविवार सेंद्रिय शेतावर न्यायला सुरुवात केली. पहिल्या खेपेला ससेक्समधल्या एका शेतावर चौघंच गेले होते. आता कितीतरी देशांत हे चालतं आणि ज्या देशात जायचं तिथलं सभासदत्व घ्यावं लागतं.

आमचं घर करवीर तालुक्यातलं, ऊसवाल्यांचं. आई म्हणाली, "आपल्या रानात भांगलायला बायका मिळंनात, आन् तू तिकडं जाऊन फुकट भांगलणार?" प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, पैऱ्यासारखं आहे. अण्णांना ते लगेच पटलं. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. पैशाचा व्यवहार नाही, पण ज्याच्या रानात काम त्याच्या घरची भाकरी. पाच महिन्यांनंतरही माझी कसोटी हीच आहे. समोरचा तुम्हाला पैऱ्याला आलेलं माणूस समजतो, की बिनपगारी गडी?

आधी व्हिसाचं सांगते, कारण इथंच बरेच जण फसतात. "पैसे घेत नाही म्हणजे काम नाही" असं आपण धरून चालतो. तसं नसतं. न्यूझीलंडमध्ये जेवण-जागेच्या बदल्यात केलेलं कामसुद्धा कामच धरतात, पर्यटक व्हिसावर ते चालत नाही. ब्रिटनमध्येही पर्यटक म्हणून जाऊन असं शेतावर राबता येत नाही. मी ऑस्ट्रेलियाच्या वर्क अँड हॉलिडे व्हिसावर गेले. भारतीयांसाठी तो २०२४ मध्ये सुरू झाला. वय १८ ते ३०, वर्षाला १,००० जागा, आणि आधी चिठ्ठ्या काढल्यासारखी निवड. नाव नोंदवायचे २५ ऑस्ट्रेलियन डॉलर. नाव लागल्याचा ईमेल आला तेव्हा मी रंकाळ्यावर होते, तिथूनच अण्णांना फोन केला. एक गोष्ट मात्र आधीच ध्यानात ठेवा. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर ठरावीक प्रकारचं काम करावं लागतं आणि बिनपगारी वूफिंग त्यात धरत नाहीत. शेतकामात तिथं पगारी कामच मोजतात.

पहिलं शेत व्हिक्टोरियातलं. तिथं माझे नऊ दिवस वाईट गेले. वूफिंगच्या साइटवर शेताच्या माहितीत पाच तास लिहिलं होतं, प्रत्यक्षात सात-आठ तास व्हायचे. झोपायला गळकी कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली. दुपारी ब्रेडचं पाकीट आमच्या कॅरॅव्हॅनच्या दारात ठेवायचे आणि घरातली माणसं आत जेवायची. मला थकवा झेपला, ते पाकीट झेपलं नाही. आमच्याकडं ऊसतोडीला आलेल्या माणसांनाही आई चहा हातात देते. दहाव्या सकाळी मालकांना तोंडावर सांगितलं, बॅग उचलली आणि नंतर अभिप्रायात तास, जेवण, झोपायची जागा असं सगळं लिहिलं. बरेच जण वाईट अभिप्राय लिहायला कचरतात, कारण पुढचा मालक आपल्याला घेणार नाही अशी भीती असते. मी तेच केलं असतं तर माझ्यानंतरची मुलगी त्याच कॅरॅव्हॅनमध्ये गेली असती.

त्यानंतर टास्मानिया. होबार्टच्या दक्षिणेला ह्युऑन खोरं आहे, सफरचंदांसाठी नावाजलेलं. साठीतलं जोडपं, घरामागं जुनी बाग, भाजीचे वाफे, कोंबड्या. होबार्टच्या विमानतळावरच फळं, भाजी, बी-बियाणं काही आणलंय का ते तपासतात, कारण रोग-कीड बेटावर येऊ द्यायची नसते. ऑस्ट्रेलियात उतरतानाही मी कांदा-लसूण मसाला कार्डावर लिहून दिला होता. त्यांनी पाकीट बघितलं आणि परत दिलं. लपवू नका, लिहून द्या. बुटांना रानातली माती चिकटलेली असेल तर घरीच घासून धुऊन न्या.

सफरचंद तोडायला काय लागतं, असं मला वाटायचं. बाईंनी पहिल्या दिवशी माझं तोडणं बघितलं आणि माझा हात धरून दाखवलं. फळ ओढायचं नाही. तळव्यात घ्यायचं, वर उचलायचं, जरासं वळवायचं. देठासकट सुटून येतं. बोटांनी दाबलं की दोन दिवसांनी तिथं तपकिरी डाग उठतो. पिशवी पोटावर बांधलेली असते, ती पेटीत ओततानाही वाकून, पेटीच्या तळाशी नेऊन हळूच सोडायची. आठवड्याभरात हाताला सवय झाली. दुपारी एकला काम संपायचं आणि सगळे एकाच टेबलाला बसायचे. मी मसाला घालून अंड्याचा रस्सा केला, तर काकांनी घाम पुसत दुसऱ्यांदा वाढून घेतला.

संध्याकाळी मी त्यांना गुऱ्हाळाचं सांगायचे, ते जमिनीचं सांगायचे. त्यांच्या वाफ्यात उघडी माती दिसायचीच नाही, सगळीकडं गवताचं आच्छादन. आम्ही पाचट पेटवतो हे सांगताना मला वाईट वाटलं. या हंगामात अण्णांनी अर्ध्या एकरात पाचट न जाळता सरीत दाबलंय. बाकीचं रान बघून ठरवू म्हणालेत.

तिसऱ्या शेतावर तीन आठवडे होते. माणसं चांगली, थंडी फार, एवढंच.

खर्चाचं म्हणाल तर शेतावर खिशातून जवळपास काही गेलं नाही, पण विमान, व्हिसा आणि विमा यांचा खर्च काही सुटत नाही. फुकट परदेश म्हणून जाऊ नका. विम्याचे कागद नीट वाचा. अंगमेहनतीच्या कामात लागलं तर भरपाई नाही, असं कलम असू शकतं. एकट्या मुलींनी आधी राहून गेलेल्या मुलींचे अभिप्राय शोधून वाचावेत. जायच्या आधी लेखी विचारावं: रोज किती तास, सुट्टी कधी, खोलीला आतून कडी आहे का, जेवण सगळ्यांबरोबर का वेगळं. यावर उत्तर टाळणाऱ्याकडं मी आता जाणार नाही.

आणि एका शेतावर निदान महिनाभर राहा. आठवड्याला जागा बदलणारे तिथं भेटले; फोटो त्यांच्याकडं भरपूर, हाताला काम कुठलंच नाही. एप्रिलमध्ये आम्ही लसूण लावला. आपल्याकडं लसूण दिवाळीच्या आसपास लावतात, तिथं शरद ऋतू एप्रिलला. पाकळीचं टोक वर, बोटाची दोन पेरं खोल, वर गवत. चार ओळी माझ्या एकटीच्या होत्या. डिसेंबरात बाईंनी फोटो पाठवला: लसूण काढून, पातीच्या वेण्या घालून स्वयंपाकघरात टांगलाय. खाली लिहिलं होतं, डावीकडच्या दोन वेण्या तुझ्या ओळींतल्या.