हरकत, पाठपुरावा की जनहित याचिका? मुंबईतल्या नागरिक गटांनी काय निवडावं

मैदानाचं आरक्षण बदलतंय, पदपथ गायब झालाय, बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. एएलएमच्या (पालिकेशी जोडलेल्या, वस्तीपातळीवरच्या रहिवासी गटाच्या) किंवा छोट्या संस्थेच्या बैठकीत असा विषय निघाला की मार्ग बहुतेक वेळा ओळखीवरून ठरतो. सभासदांत वकील असेल तर कोर्ट, नगरसेवक जवळचा असेल तर त्याचं कार्यालय. मला ही पद्धत घातक वाटते. आधी निर्णय कुठे पोचलाय ते पाहावं: मसुद्यात आहे, पैशाअभावी अडलाय, की नियम असून कोणी पाळत नाही? या तिन्हींसाठी मार्ग वेगवेगळे आहेत.

मसुदा असेल तर हरकत. ती द्यायला वकील लागत नाही, संस्था नोंदलेली असावी लागत नाही आणि खर्चही नगण्य. विकास आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचा तर एमआरटीपी कायद्याच्या (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या) कलम ३७ नुसार सूचना काढून हरकतींसाठी महिनाभर द्यावा लागतो. सामान्य माणसाच्या हातात याहून मोठं हत्यार नाही, असं मी म्हणेन. २०१५ च्या फेब्रुवारीत मुंबईचा आराखडा जाहीर झाला. लोकांनी नकाशे उघडून आपापली गल्ली तपासली, चुका शोधल्या आणि साठ हजारांहून अधिक हरकती-सूचना दिल्या. एप्रिलमध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो मसुदा बाजूला ठेवून नव्याने करायला सांगितलं, आणि २०१६ मध्ये सुधारित मसुदा आला.

मात्र गोरेगावजवळचं आरे आठवून पाहा. २०१९ मध्ये मेट्रो कारशेडसाठी झाडं तोडण्याच्या प्रस्तावावर हजारोंनी हरकती घेतल्या, तरी वृक्ष प्राधिकरणाने परवानगी दिलीच. लोकांची तळमळ दोन्हीकडे सारखीच होती, पण कारशेड आरेत व्हावी हे आधीच ठरलेलं होतं. हरकती मागवल्या त्या फक्त झाडांबद्दल. म्हणून सूचना हातात आली की पहिल्यांदा पाहायचं की मूळ निर्णय अजून खुला आहे, की फक्त शेवटची पायरी समोर ठेवली आहे.

हरकत लिहिताना छापील नमुन्यावर शंभर सह्या घेण्यापेक्षा दहा जणांनी वेगवेगळे मुद्दे मांडावेत. डीपी रिमार्क (त्या जागेबद्दल विकास आराखड्यात काय आहे ते सांगणारा पालिकेचा दाखला) काढून सीटीएस क्रमांकासह (जमिनीच्या नगर भूमापन क्रमांकासह) लिहावं, आवक-जावकला पोच घ्यावी आणि सुनावणी मागून तिथे हजर राहावं.

पैशाचा किंवा कामाच्या क्रमाचा प्रश्न असेल तर लोकप्रतिनिधी. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं पालिकेत निवडून आलेलं सभागृहच नव्हतं, सगळं प्रशासकाकडे होतं. त्या काळात हा रस्ता बंद असल्यासारखाच होता. आता पुन्हा २२७ नगरसेवक आहेत. आयुक्त ५ फेब्रुवारीपर्यंत अर्थसंकल्प मांडतात, म्हणून मागणी घेऊन दिवाळीच्या सुमारासच वॉर्ड ऑफिसात जायला हवं. जानेवारीत दिलेलं निवेदन बहुधा पुढच्या वर्षावर जातं. विषय राज्य सरकारचा असेल तर आमदाराला तारांकित प्रश्न (सभागृहात तोंडी उत्तर मागणारा) किंवा लक्षवेधी सूचना तयार करून द्या, आकडे-तारखांसह. मंत्र्याने सभागृहात दिलेलं आश्वासन विधिमंडळाच्या आश्वासन समितीपुढे येऊ शकतं, त्यामुळे दालनातल्या तोंडी शब्दापेक्षा ते कितीतरी मोलाचं. या मार्गाची उणीव उघड आहे: वेळ फार जातो आणि श्रेय वाटून घ्यावं लागतं. २०११ मध्ये मुंबईत कोरो आणि इतर संस्थांनी ‘राईट टू पी’ मोहीम सुरू केली. पुरुषांना मुताऱ्या फुकट आणि बायकांना मात्र पैसे, हा अन्याय त्यांनी पाहणी करून, सह्या गोळा करून मांडला आणि वर्षानुवर्षं पालिकेत खेपा घातल्या. एवढा दम असेल तरच या वाटेला जावं.

नियम आहे पण अंमल नाही, तर जनहित याचिका. इथे कोर्टाची ताकद खरोखर दिसते. ध्वनिप्रदूषणाचे केंद्रीय नियम २००० मध्ये आले; २००३ मध्ये पर्यावरण कार्यकर्त्या सुमायरा अब्दुलाली आणि सहकाऱ्यांनी शांतता क्षेत्रांसाठी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. नियम कागदावर होताच, तो पाळायला लावा एवढंच मागणं होतं. याउलट दोन धोरणांपैकी आमचं निवडा, असं मागितलं की न्यायालय सहसा हात आखडतं. आणि हरलात तर समोरच्याच्या निर्णयावर शिक्कामोर्तब होतं. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने आरेच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडं पडू लागली. विद्यार्थ्यांच्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला तोड थांबवली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडं गेली होती. शिवाय कोर्ट अनामत रक्कम भरायला सांगू शकतं, त्याची तजवीज आधी करा.

माहितीचा अधिकार या तिन्हींच्या आधी लागतो. दहा रुपये शुल्क, उत्तराला ३० दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. पण हरकतीची मुदतही महिन्याचीच असते, म्हणून सूचना आल्यावर अर्ज करून उत्तराची वाट पाहत बसणं परवडत नाही.

संस्था नोंदवायची का, हा प्रश्न लोक फार लवकर विचारतात. हरकत, निवेदन, आरटीआय, याचिका ही सगळी कामं व्यक्ती म्हणून करता येतात. देणग्या घ्यायच्या, पगारी माणूस ठेवायचा, असं ठरलं की मग धर्मादाय आयुक्तांकडे जावं. त्यानंतर हिशेब आणि लेखापरीक्षण दरवर्षी करावंच लागतं.

तुमच्या मैदानाची कलम ३७ ची सूचना कालच निघाली असेल, तर वकील शोधणं तूर्त बाजूला ठेवा. या आठवड्यात डीपी रिमार्क आणि प्रस्तावाचा नकाशा मिळवा, पुढच्या दोन आठवड्यांत स्वतंत्र हरकती लिहून पोच घ्या, आणि त्यांची एक प्रत नगरसेवकाला, एक आमदाराला द्या. पुढे कोर्टात जायची वेळ आलीच, तर पहिल्यांदा हीच पोच दाखवावी लागेल.