डिप्लोमा की अकरावी सायन्स? घरातलं पहिलंच पोर कॉलेजला जाणार असेल तर

घरात एखादा काका किंवा मामा इंजिनिअर असला की हा प्रश्न एका फोनवर सुटतो. दहावी पास होणारं हे पहिलंच पोर असेल, तर सल्ला मिळतो तो फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात, नाहीतर क्लासच्या फ्लेक्सवर. पोराला इंजिनिअरिंगला जायचंय, पण दहावीनंतर पॉलिटेक्निकमधला डिप्लोमा की अकरावी सायन्स हे ठरत नाहीये, अशा घरासाठी हे लिहितोय.

वर्षांचा वाद आधी मिटवू. बारावीपर्यंत दोन आणि पदवीची चार. डिप्लोम्याची तीन आणि थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन पदवीची तीन. दोन्हीकडे सहाच. मधे काही बिनसलं तर हातात काय उरतं, खरा फरक तिथे आहे. डिप्लोमा पूर्ण झालेलं पोर कंपनीत लागू शकतं, सिव्हिल केलं असेल तर कनिष्ठ अभियंत्याच्या भरतीला बसू शकतं. नुसत्या बारावी सायन्सवर नोकरी मागायला गेलात तर सायन्सला कोणी विचारत नाही. डिप्लोमा दुसऱ्या वर्षी सोडला तर मात्र बारावीही नाही आणि डिप्लोमाही नाही.

सायन्सच्या वाटेवर सगळा भार सीईटीवर, म्हणजे बारावीनंतरच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेवर. पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) गटात १५० प्रश्न, २०० गुण, त्यातले १०० एकट्या गणिताचे. फिजिक्स-केमिस्ट्रीचे प्रश्न मराठीतून मिळतात, गणित फक्त इंग्रजीत. अकरावीच्या अभ्यासक्रमाला साधारण २० टक्के वजन आहे, आणि नेमकी अकरावी बऱ्याच ठिकाणी हवेत जाते. अनुदानित ज्युनियर कॉलेजची फी किरकोळ असते. खरा खर्च क्लासचा, आणि तो प्रवेशाच्या दिवशी कोणी सांगत नाही. पोर मागे पडतंय हे घरच्यांना कळतं थेट सीईटीच्या निकालाला. ओबीसी, भटके-विमुक्त किंवा विशेष मागास प्रवर्गातलं पोर असेल तर महाज्योती या सरकारी संस्थेचा अर्ज भरून टाका: मोफत ऑनलाइन शिकवणी, वर टॅब आणि डेटा. अर्थात टॅब मिळाला म्हणजे अभ्यास झाला असं नाही. संध्याकाळी शंका विचारायला माणूस लागतोच.

डिप्लोम्यात दर सहा महिन्यांनी परीक्षा. घसरण लगेच दिसते. मराठी माध्यमातलं पोर पहिल्या सेमिस्टरला हमखास गणितात अडकतं. विषय राहिले तर पुन्हा देता येतात, फार राहिले तर इयर डाऊन, म्हणजे पुढच्या वर्षात जाता येत नाही. पण दुसरीकडे वर्कशॉपमध्ये लोखंडाची पट्टी कानशीने घासून काटकोनात आणायची असते, ड्रॉइंगची शीट असते, प्रॅक्टिकलचे आणि तोंडीचे गुण असतात. हाताने शिकणारं पोर इथे सावरतं. शिवाय थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश डिप्लोम्याच्या टक्क्यांवर होतो, सीईटी नाही. माझ्या मते शिकवणीला पैसे नसलेल्या घरासाठी ही एकच गोष्ट बाकी सगळ्यांपेक्षा जड आहे.

मेडिकल, कृषी, फार्मसी यातलं काही मनात असेल तर चर्चाच नको, अकरावी सायन्स घ्या. तिथे डिप्लोमा कामाचा नाही.

पैशाच्या बाबतीत दोन्ही वाटा महाडीबीटीवरूनच, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरूनच जातात. प्रवर्ग आणि उत्पन्नानुसार फी पूर्ण किंवा अर्धी सुटते. सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून राहण्या-जेवण्याचे पैसे मिळतात, मुंबई-पुण्यात वर्षाला ६० हजारांपर्यंत. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. पण हे पैसे वेळेवर येतील असं धरून चालू नका, पहिल्या काही महिन्यांची सोय वेगळी ठेवा. मुलगी असेल तर २०२४-२५ पासून इंजिनिअरिंगच्या पदवीला ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून असेल तर. म्हणून 'मॅनेजमेंट कोट्यातून करून देतो' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

माझा कौल असा: सरकारी पॉलिटेक्निकला मनासारखी शाखा मिळत असेल तर डिप्लोमा. तिथे नंबर लागत नसेल आणि फक्त भरमसाट फीचं खासगी पॉलिटेक्निक समोर असेल, तर जवळच्या अनुदानित कॉलेजात सायन्स बरं, मात्र तिथे तास खरंच होतात का हे बारावीतल्या एखाद्या पोराला विचारून घ्या. हजेरी कागदावर आणि शिकवणी क्लासमध्ये, असली कॉलेजं कमी नाहीत.

निकालानंतर दोन्हीकडचे फॉर्म भरून ठेवा. अकरावीचा प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइनच आहे. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेअर यांना सेतूत दिवस लागतात, त्यामुळे एप्रिलमध्येच अर्ज टाका. आणि पहिला पसंतीक्रम दुकानदाराला भरू देऊ नका: तोच मिळाला तर घ्यावा लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर.